उत्तररंगासाठी मयत

"अकरा वर्षांत माझा एकही उत्तररंग बुडालेला नाही!"

लोक आपल्या मुलाचं अमेरिकेतलं पॅकेज ज्या थाटात सांगतात, त्या थाटात शैलाताई औंढेकर हे वाक्य म्हणत. ताप असो, पाहुणे असोत, घरात रंगकाम चालू असो, कीर्तनाची वेळ झाली की शैलाताई दारात चपला घालून तयार! पूर्वरंगाचं निरूपण चालू असताना कुणी पाणी पिऊन आलं, कुणी गुडघे चोळले, तर ते त्यांना चालायचं. पण मध्यंतरात बुवांच्या गळ्यात हार पडला, कपाळी बुक्का लागला आणि उत्तररंगाच्या आख्यानाला सुरुवात झाली, की संपलं! शेजारी कुणी साधं खोकलं तरी शैलाताई अशा बघत, की त्या माणसाचा खोकला महिनाभर परत येत नसे.

त्या शनिवारचं कीर्तन तर अगदी घरचं होतं. शेजारच्या मृण्मयीचं! पाच वर्षांची असल्यापासून ही पोर शैलाताईंच्या मांडीवर बसून कीर्तनं ऐकत आलेली. आता स्वतः कीर्तनकार झाली, गावोगाव जाऊन आली. पण आपल्या कॉलनीत उभी राहणार होती पहिल्यांदाच.

"काकू, हार तुमच्याच हातचा हवा," तिनं बजावलं होतं. "तोपर्यंत मी उत्तररंग सुरूच करणार नाही!"

"अगं, मेले तरी येईन!" शैलाताई म्हणाल्या.

माणसानं बोलताना जरा जपून बोलावं.

तेव्हा सीमेवर युद्ध चालू होतं. सीमा आपल्या संभाजीनगरपासून शेकडो किलोमीटर लांब. पण कॉलनीतला जोश बघता ती शहराबाहेरच्या करमाडच्या अलीकडं आली असावी असं वाटे. शैलाताईंचे यजमान केशवराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. ते सोफ्यावर बसून, हातात रिमोट घेऊन, तिन्ही आघाड्या एकटे सांभाळत होते. रोज संध्याकाळी साडेसातला ब्लॅकआऊट. म्हणून रात्रीचं कीर्तन ओढून पाचला आणलेलं. आणि त्याच दिवशी दुपारी तीनला कॉलनीच्या मैदानावर मॉक ड्रिल!

ड्रिलची सगळी सूत्रं सर्जेरावांच्या हाती. सर्जेराव म्हणजे आपले भावी नगरसेवक. गेली नऊ वर्षं भावीच. चौकाचौकात त्यांचा हात जोडलेला फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'प्रभागाचा सुपुत्र'! तर ह्या सुपुत्रापुढं एक पेच पडला. शिट्टी आणि हेल्मेट घेऊन उभं राहायला एक्केचाळीस जण हजर. जखमी व्हायला मात्र एकही तयार नाही!

सर्जेराव शैलाताईंकडे आले. "काकू, तिकडं साहेबरावांच्या प्रभागात पाच जखमी आहेत, पाच! आपल्याकडं एक नाही! प्रभागाची इज्जत जाईल."

"मग तुम्ही व्हा की जखमी."

"मी? मी जखमींना भेट देणार ना! काकू, टेन्शन नका घेऊ. तीनला सायरन, चारला मोकळ्या. कीर्तनाला मंडप माझा, माईक माझा, खुर्च्या माझ्या. तुम्ही फक्त पडायचं!"

मंडप आणि माईक ऐकल्यावर शैलाताई विरघळल्या. सोबतीला त्यांनी दगडाबाईला घेतलं. दगडाबाई चितेगावची. घरची माणसं मेंढरांमागं, आणि ही रोज बस धरून कॉलनीच्या मंदिरापुढं फुलं विकायला बसायची. कीर्तनाचा कान शैलाताईंइतकाच तिखट! मृण्मयीसाठीचा हारही तिनंच ओवला होता. मोगरा, गुलाब, अधूनमधून तुळस. ओल्या फडक्यात गुंडाळून तो स्टीलच्या डब्यात ठेवला, डबा पिशवीत, पिशवी दगडाबाईच्या काखेत. ड्रिल संपलं की तसंच मंडपात!

तीन वाजता सायरन झाला. शैलाताई आणि दगडाबाई सतरंजीवर पडल्या. एक गृहस्थ रंगीत चिठ्ठ्या घेऊन आले.

"हिरवी किरकोळ, लाल गंभीर, काळी मयत," त्यांनी समजावलं.

"मला हिरवी द्या. पाचला कीर्तन आहे," शैलाताई म्हणाल्या.

"हिरव्या संपल्या. कार्यकर्त्यांनी सकाळीच आपसांत वाटून घेतल्या."

शैलाताईंच्या गळ्यात लाल चिठ्ठी पडली आणि दगडाबाईच्या गळ्यात काळी.

"मी मेले व्हय?" दगडाबाई उठूनच बसली. "सकाळी तर दोन भाकरी खाऊन आले!"

"मावशी, पडून राहा. बोलू नका."

"मेल्यावर बी बोलायचं नाय? मंग मरून फायदा काय!"

तेवढ्यात प्रथमोपचार शिकलेल्या मुली धावत आल्या. वर्षभर शिकलेलं सगळं त्यांनी एकट्या शैलाताईंवर उतरवलं! लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा तसं डोकं बांधलं, उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळला, आणि दोघींना ॲम्ब्युलन्समध्ये घातलं.

गाडी निघाली ती निघालीच. क्रांती चौक मागं पडला. जालना रोड लागला. एक मोठा दवाखाना आला आणि गेला.

"अहो, दवाखाना मागं राहिला!" शैलाताई बँडेजमधून ओरडल्या.

"शहरातले सगळे दवाखाने भरलेत, काकू," ड्रायव्हर म्हणाला.

"आत्ताचा तर रिकामा दिसला!"

"खरा रिकामा आहे. कागदावर भरलाय. आपला नंबर करमाडच्या पुढं लागलाय."

करमाडच्या पुढच्या त्या छोट्या दवाखान्यात पोचेपर्यंत चार वाजून गेले. तिथं डॉक्टर शंतनू नावाचा तरुण होता. नम्र, हसतमुख आणि नियमाला एकदम पक्का. असा माणूस घाईच्या वेळी भेटू नये!

"लाल चिठ्ठी म्हणजे निरीक्षणाखाली," तो म्हणाला. "कंट्रोल रूमचा निरोप येईपर्यंत तुम्हाला सोडता येणार नाही."

"मग फोन लावा कंट्रोल रूमला!"

"तासाभरापासून लावतोय. एंगेज लागतोय. सगळं गाव विचारतंय, आज ब्लॅकआऊट आहे का, की साधी लाईट जाणार आहे."

"आणि ह्या?" शैलाताईंनी दगडाबाईकडे बोट केलं.

"त्या मयत. त्यांना नातेवाइकांच्या ताब्यात दिलं की झालं. गाडी घरपोच सोडते."

दगडाबाई स्ट्रेचरवर टुणकन उठून बसली. "म्हंजी मी मोकळी? बघा ताई! मेलेल्याला कोण अडवतंय!"

शैलाताईंच्या डोक्यात, बँडेजच्या आत, लख्ख उजेड पडला.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मलाही मयत करा!"

"काकू, असं कसं करता येईल? तुमची प्रकृती स्थिर आहे."

"मग बिघडवा!"

"पण कारण काय लिहू?"

"लिहा, कीर्तन चुकल्याच्या धक्क्यानं!"

डॉक्टर हसला, पण ढळला नाही. मग शैलाताईंनी शेवटचं अस्त्र काढलं. मृण्मयी मांडीवर कशी बसायची, पहिल्यांदा चिपळ्या हातात घेतल्या तेव्हा कशी उलट्या धरल्या होत्या, आज ती हारासाठी कशी वाट बघत थांबली असेल, हे सगळं त्यांनी सांगितलं. चालीवर, हातवारे करून! सिस्टरनं डोळे पुसले. पलीकडच्या कॉटवरच्या खऱ्या पेशंटनं सलाईनचा हात सांभाळत दाद दिली. साडेपाच वाजता डॉक्टरनं फॉर्मवर लिहिलं, 'प्रकृती अचानक खालावली.' शैलाताईंच्या गळ्यात काळी चिठ्ठी आली आणि त्यांचा चेहरा आनंदानं फुलला!

आता हवी होती नातेवाइकाची सही. सिस्टरनं केशवरावांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"केशवराव औंढेकर का? तुमच्या मिसेस ड्रिलमध्ये मयत झाल्यात. ताब्यात घ्यायला यावं लागेल."

"बरं, बरं. पण इथं टीव्हीवर आत्ता फार महत्त्वाचं चाललंय. तिला जरा विचारता का, साखरेचा डबा कुठं ठेवलाय?"

"काका, मयत व्यक्तीला बोलता येत नाही."

"शैलाला बोलता येत नाही?" केशवरावांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "मग ड्रिल भलतंच यशस्वी झालं म्हणायचं!"

शैलाताईंनी दातओठ खाल्ले. मयत असल्यामुळं तेवढंच करता येत होतं.

इतक्यात दारात गलका झाला. सर्जेराव आले! मागं केळ्यांचं क्रेट आणि फोटो काढायला कार्यकर्ता सोमनाथ. "कुठायत आपले शहीद?" म्हणत सर्जेराव दोन स्ट्रेचरांच्या मधे उभे राहिले. "अरे सोमनाथ, हार नाही आणला? श्रद्धांजली काय केळ्यांनी वाहू?" मग त्यांची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या डब्याकडे गेली. झाकण उघडलं, मोगरा घमघमला. "वा! व्यवस्था आहे की!"

त्यांनी हाराला हात घातला मात्र, मयताचा हात खाडकन वर आला आणि त्यानं सर्जेरावांचं मनगट धरलं! सर्जेराव असे किंचाळले, की ड्रिल संपल्यापासून झोपलेला वॉचमन उठून शिट्टी वाजवायला लागला.

"मृण्मयीचा हार हाय त्यो!" दगडाबाई कडाडली. "ठिव खाली! नायतर खरंच मरंन आन तुझ्या मानगुटीवर बसंन!"

हार मुकाट्यानं डब्यात गेला. डॉक्टरनं फॉर्म पुढं केला. "ह्यांचे नातेवाईक कोण?"

"हा काय," शैलाताई म्हणाल्या. "हा माझा मुलगा."

"काकू! मी?"

"चौकाचौकात लिहिलंय, प्रभागाचा सुपुत्र. मी प्रभागातच राहते ना? कर सही!"

"आन माझी बी," दगडाबाई म्हणाली. "फुलं मी तुझ्याच प्रभागात विकते."

सर्जेरावांनी मान खाली घालून दोन सह्या केल्या. सोमनाथनं नेमका तेवढाच फोटो काढला आणि आपल्या अकलेनं ग्रुपवर टाकला: 'दुःखद. सर्जेरावदादांना मातृशोक.'

पाच मिनिटांत अडीचशे जणांनी हात जोडले. साहेबरावांनी तर 'राजकारण बाजूला ठेवून' श्रद्धांजलीचा बॅनर छापायला टाकला. आणि सर्जेरावांचा फोन वाजला. पलीकडं त्यांच्या सख्ख्या आई, चतुराबाई!

"कारट्या, मी इथं ज्वारी निवडायलेय आन बाया दारात रडायलेत! तू घरी ये, मग दाखवते मातृशोक!"

मयतांना घरपोच सोडायला गाडी होती ती वैकुंठरथ. दोन्ही बाजूंना काचा, वर झेंडूच्या माळा. शैलाताई आणि दगडाबाई आत समोरासमोर मांडी घालून बसल्या, मधे हाराचा डबा. सर्जेराव नातेवाईक म्हणून ड्रायव्हरशेजारी. आणि काय सांगावं! ज्या क्रांती चौकात शैलाताईंना उभ्या आयुष्यात कुणी रस्ता ओलांडू दिला नव्हता, तिथं रिक्षा थांबल्या, बस थांबली, लोकांनी हात जोडले. शैलाताईंनी सवयीनं आतून परत हात जोडले. एका मोटरसायकलवाल्यानं ते पाहिलं आणि सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला तरी तो जागचा हलला नाही.

इकडं मंडपात मृण्मयी पाचपासून उभी होती. पूर्वरंग तासाभराचा, तिनं तो ताणत ताणत पावणेसातवर आणलेला! पेटीवाल्यांचा दोनदा चहा झाला. आणि अशात सोमनाथचा फोटो मंडपात पोचला. कुणीतरी फोटो मोठा करून फॉर्मवरचं नाव वाचलं. कुजबुज पसरली. शेवटी एका बाईनं रडत रडत फोन मृण्मयीपुढं धरला. मृण्मयीनं फोन बाजूला सारला आणि चिपळ्या पुन्हा वाजवल्या.

"अफवांवर विश्वास ठेवू नका, असं सरकार रोज सांगतंय," ती म्हणाली. "आणि उत्तररंग ऐकल्याशिवाय आमच्या काकू कुठंही जायच्या नाहीत!"

त्याच क्षणी मंडपाच्या दारात वैकुंठरथ येऊन थांबला.

अख्खा मंडप उभा राहिला. रथाचं दार उघडलं आणि आतून आवाज आला, "माझी डावी चप्पल कुठं गेली?" पुढच्या रांगेतले दोघे जागच्या जागी बसले. मग डबा डोक्यावर घेऊन दगडाबाई उतरली आणि मागून, डोक्याला दादरा, गळ्यात काळी चिठ्ठी, एका पायात चप्पल, अशा शैलाताई! रस्ता आपोआप मोकळा झाला. बांधलेल्या हातानं त्यांनी हार उचलला, मृण्मयीच्या गळ्यात घातला, बुक्का लावला. मृण्मयी वाकली ती उठेचना. दोघी रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. मागं कुठंतरी चतुराबाईंनी सर्जेरावांचा कान धरलेला होता, पण तिकडं बघायला कुणाला वेळ होता!

आख्यान सुरू झालं. राजा वनात निघाला आणि साडेसातचा भोंगा झाला. दिवे गेले, माईक गेला. मृण्मयी थांबली नाही. काळोखात तिचा नुसता आवाज, हळू पेटी, आणि तीनशे माणसांचा श्वास. सीमेवर उभ्या असलेल्या पोरांसाठी तिनं शेवटी देवाकडं मागणं मागितलं, तेव्हा चतुराबाईंनीसुद्धा कान सोडून हात जोडले. असं कीर्तन कॉलनीत आजवर झालं नव्हतं, असं सगळे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृण्मयी पेढे घेऊन आली. दारात दगडाबाई देवाची फुलं देत होती.

"काकू, खरं सांगा, कसं झालं आख्यान?"

"काय सांगू, बाळा! राजा वनात निघाला तेव्हा डोळ्यांतलं पाणी खळेना!"

"आणि राणी परत भेटते तिथं?"

"तिथं? तिथं तर..." शैलाताईंनी दगडाबाईकडे पाहिलं.

"तिथं ताई माझ्या खांद्यावर घोरत व्हत्या," दगडाबाई म्हणाली.

मृण्मयी खुदकन हसली. "माहितीये मला. अंधारात लोक कुजबुजत होते, की हारापुरतं काकूंचं भूत येऊन गेलं. मी म्हटलं, ऐका नीट! भूत एवढ्या जोरात घोरत नाही!"

शैलाताईंनी अजूनही ते वाक्य सोडलेलं नाही. अकरा वर्षांत माझा एकही उत्तररंग बुडालेला नाही, असंच त्या म्हणतात. कुणी त्या शनिवारचा विषय काढलाच, तर देवघरात जपून ठेवलेली काळी चिठ्ठी पुढं करतात.

"तो धरायचा नाही," त्या म्हणतात. "त्या दिवशी मी मयत होते!"