टँकर येईस्तोर

गुरम्माच्या गोळ्या बंद करायच्या, असा कागद लातूरहून आला तेव्हा गुरम्मा भाकरी थापत होती. भाकरी ती रोजच थापायची, पण गेली सहा वर्षं तिच्या भाकरीला चार कोपरे असायचे. त्या दिवशी पहिल्यांदा गोल झाली होती आणि नेमका तोच मुहूर्त कागदानं साधला. या बाईंचा आजार औषधानं वाढला आहे, सबब त्यांच्याच भल्यासाठी औषध थांबवावं, असं त्यात लिहिलं होतं.

आता हे भलं तिच्यावर कसं ओढवलं ते ऐका.

गुरम्माला आमवात. बोटांची पेरं सुजून अशी आखडलेली, की सकाळी मूठ उघडता उघडायची नाही. स्वयंपाक, झाडलोट हे कसंतरी रेटता येतं, माणूस रेटतोच. पण पूजेला बसून इष्टलिंग तळहातावर घ्यायचं, तर तळहात सपाट व्हायला नको? नवरा वीरभद्र शेजारी बसून खालून आपला हात लावायचा. तो बिचारा कधी कुरकुरला नाही. पण देवापुढंसुद्धा दुसऱ्याच्या हाताचा टेकू, याची गुरम्माला दुखण्याहून जास्त लाज वाटायची.

लातूरला जिल्ह्याची पाटी लागून चार वर्षं झाली होती आणि तेव्हापासून या भागात पाऊस कमी आणि फॉर्म जास्त पडत होते. त्यातलाच एक फॉर्म गुरम्माच्या वाट्याला आला. लातूरच्या एका मोठ्या डॉक्टरांनी आमवातावरची नवी गोळी तपासायला घेतली होती. साठ पेशंट, चार महिने, गोळ्या फुकट. दर सोमवारी दुपारच्या एसटीनं शिवमूर्ती नावाचा त्यांचा माणूस सोमलिंगवाडीत यायचा आणि फॉर्म भरून न्यायचा. पोरगेला, प्रामाणिक आणि हिशेबाला पक्का. असली माणसं फार नुकसान करतात.

फॉर्मात पहिलाच प्रश्न होता, सकाळी उठल्यापासून सांधे किती मिनिटं आखडलेले असतात. गोळी सुरू करायच्या आधी शिवमूर्तीनं तो विचारला तेव्हा गुरम्मानं खरं तेच सांगितलं. धाकट्या भावासारखा, म्हणून ती त्याला तम्माच म्हणायची.

"मठातली घंटी झाली की उठते. तिथनं टँकर येईस्तोर बोटं काय सुटत न्हाईत, तम्मा."

घंटी पाचची, हे सगळ्यांना ठाऊक. पाण्याचा टँकर कितीला येतो हे मात्र दुपारी येणाऱ्या शिवमूर्तीला कुठून ठाऊक असणार? गुरम्माच्या घरात घड्याळ नव्हतं. तेव्हा तो हिशेबी माणूस सरळ ग्रामसेवकाकडं गेला. पिराजी ग्रामसेवकानं टँकरचं रजिस्टर पुढं टाकलं. रोज सकाळी सात. महिनाभर एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेले सात. पाच ते सात, एकशेवीस मिनिटं. शिवमूर्तीनं लिहून टाकलं आणि एसटी गाठली.

टँकर यायचा दहाला. गावातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. म्हणजे गुरम्माची बोटं पाच तास आखडलेली असायची आणि कागदावर दोनच.

गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याभरातच बोटं हलायला लागली. दुसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी प्रत्येक पेशंटला एक गजराचं घड्याळ दिलं. गुरम्मा चौथीपर्यंत शिकलेली, तिनं घड्याळ बघून चोख वेळा सांगितल्या. पाचला उठते, साडेसातला बोटं मोकळी. एकशेपन्नास मिनिटं. पाच तासांचे अडीच झाले होते. पण कागद म्हणत होता, एकशेवीसचे एकशेपन्नास झाले. दोन महिन्यांत आजार वाढला तर औषध थांबवायचं, असा नियमच होता.

शिवमूर्तीला घोळ कळला तो कागद तिच्या चुलीपुढं वाचताना. गुरम्मा कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे तम्मा, टँकर कवा येतो ते मला इचारायचं. कागदाला कामून इचारलास?"

त्यानं चूक कबूल केली, लातूरला जाऊन डॉक्टरांपुढंही केली. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, आकडा दुरुस्त करता येईल, फक्त त्या महिन्यात टँकर दहाला येत होता असा सरकारी दाखला आणा, तोवर गोळ्या चालू राहू देत. झालं. दुष्काळात तेरावा महिना.

पिराजी काय दाखला देतोय? टँकर दहाला येतो असं लिहून देणं म्हणजे आपल्याच सह्यांवर शेण टाकणं. शिवाय सातची खेप दहाला येते, तर सात ते दहा टँकर कुणाच्या उसाला पाणी पाजतो, हेही कुणीतरी विचारलं असतं. त्यानं कानावर हात ठेवले. मग गुरम्माची शेजारीण तारामती पुढं झाली. तिनं पाणी भरणाऱ्या चाळीस बायका गोळा केल्या. चाळीसही जणी म्हणाल्या, दहाला येतो, आम्ही अंगठे देतो. पिराजीनं सगळ्यांचं नीट ऐकलं आणि विचारलं, तुमच्यात घड्याळ कुणाकडं आहे? अख्ख्या पाणवठ्यावर घड्याळ एकट्या गुरम्माकडं, आणि तेही नंतर आलेलं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, मी स्वतः येऊन बघतो. गुरम्माला इतका आनंद झाला की तिनं त्या रात्री कडबोळी केली. तिच्या हातून कडबोळी वळली गेली, हे बघून वीरभद्राच्या डोळ्यांत पाणी आलं. पण डॉक्टर रीतीभातीचे. कुठल्याही गावात न सांगता जाणं त्यांना शोभेना. त्यांनी आठ दिवस आधी ग्रामपंचायतीच्या कचेरीला पत्र घातलं, की मी अमुक तारखेला सकाळी टँकरची वेळ पाहायला येत आहे.

आता पुढं काय झालं असेल, ते सांगायलाच हवं का?

सातला पाच कमी असताना टँकर आला. धुतलेला. ड्रायव्हरनं अंगात इस्त्रीचा सदरा घातला होता. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा गावात सकाळच्या गारव्यात पाणी आलं आणि बायकांची नुसती झुंबड उडाली. डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, रजिस्टर बघितलं, पुन्हा घड्याळ बघितलं.

गुरम्मा त्यांच्यापुढं उभी राहिली. "सायेब, आजच आलाय. रोज दहाला येतो. इचारा ह्या बायांला."

डॉक्टरांनी विचारलं. पण आदल्या संध्याकाळी पिराजी घरोघर हिंडून गेला होता. कुणी काही बोललं नाही, तर टँकर इथून पुढं रोज सातला येईल, असं त्यानं देवाशपथ सांगितलं होतं. चाळीस बायका पाण्याकडं बघत राहिल्या. तारामतीनं तर मान वर केलीच नाही. गुरम्माला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. तारामतीच्या घरात दोन तान्ही होती.

डॉक्टरांनी मग गुरम्माचे हात हातात घेतले. पेरं दाबून बघितली. सात वाजले होते आणि बोटं सुटायला अजून अर्धा तास होता. ती घट्ट मिटलेलीच होती.

"बाई, मला खरंच वाईट वाटतं," डॉक्टर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. जीपमध्ये बसताना त्यांनी पिराजीशी हात मिळवला आणि रजिस्टर नीट ठेवल्याबद्दल त्याची तारीफ केली. टँकर त्यानंतर चार दिवस सातला आला आणि पाचव्या दिवशी पुन्हा दहाला.

सोमवारी दुपारी शिवमूर्ती उरलेल्या गोळ्या आणि घड्याळ परत न्यायला आला. त्याला वर बघवत नव्हतं. गुरम्मानं त्याला कडबोळी दिली, गोळ्या मोजून दिल्या, घड्याळ पुसून दिलं. गोळ्या विकत कुठं मिळतील, हे वीरभद्रानं एकदा विचारून बघितलं. अजून बाजारात आल्या नव्हत्या, आणि येतील की नाही ते फॉर्म ठरवणार होते.

मग शिवमूर्तीनं शेवटचा कागद काढला. 'सदर औषधाने मला काहीही गुण आला नाही व माझा आजार वाढला, हे मला मान्य आहे.' खाली तिची निशाणी हवी होती. पहिल्या कागदावर तिचा अंगठाच होता, कारण तेव्हा तिच्या बोटांत पेन राहत नव्हतं. त्यानं सवयीनं शाईची डबी उघडून पुढं सरकवली.

"डबी राहू दे, तम्मा. पेन दे," गुरम्मा म्हणाली.

तिनं पेन धरलं आणि त्या ओळीखाली सावकाश, ठसठशीत अक्षरात, एकही काना हलू न देता, आपलं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं सगळं लिहून दिलं.