गळती शून्य टक्के

मुलांनो, एका जंगलात (कोणत्या ते विचारू नका, चौकशी अजून चालू आहे) एक सैनिकी प्रबोधिनी होती. सीमेवर कोळसुंद्यांचा, म्हणजे रानकुत्र्यांचा, उपद्रव फार. म्हणून दर तीन वर्षांनी शंभर तरुण जनावरं तिथे भरती होत. सशाला गर्जनेचा तास असे. कासवाला लांब उडी असे. तीन वर्षांनी दीक्षान्त संचलनाला मैदानावर तीसएक जण उरत. बाकीचे केव्हाच घरी गेलेले असत.

प्रबोधिनीच्या कचेरीत एक साळिंदर कारकून होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. अंगावर इतक्या लेखण्या, की दुसरं काही होणं त्यांच्या नशिबात नव्हतंच. एकतीस वर्षं नोकरी झाली होती. निवृत्तीला अडीच महिने उरले होते. टेकडीमागे करवंदीच्या जाळीखाली त्यांनी बीळ खणून ठेवलं होतं. तिथे पाय पसरून पडायचं आणि कुणाच्याही नावापुढे काहीही लिहायचं नाही, एवढीच त्यांची इच्छा होती.

एक दिवस सिंह महाराजांचा हुकूम आला. शेजारच्या जंगलातल्या प्रबोधिनीत म्हणे शंभरातले नव्वद शेवटपर्यंत टिकत. (ती प्रबोधिनी बेटावर होती आणि भोवती मगरी होत्या, हे हुकमात नव्हतं.) 'गळती तात्काळ थांबवावी,' महाराजांनी लिहिलं होतं. 'दसऱ्यापर्यंत न थांबल्यास कोणालाही निवृत्त होऊ दिले जाणार नाही.'

भाऊसाहेबांनी 'गळती' हा शब्द वाचला आणि हात आपोआप चालला. एकतीस वर्षं गळतीचा कागद बांधकाम खात्याकडेच जात आला होता. हाही गेला.

आठवड्याने बांधकाम खात्याचा सुतारपक्षी दारात.

"काय भाऊसाहेब, कुठं गळतंय?"

आता भाऊसाहेबांच्या चूक लक्षात आली. पण चूक कबूल करायला वेगळा नमुना लागतो, आणि तो कधी छापलाच नव्हता.

"बघा की तुम्हीच," ते म्हणाले.

सुतारपक्ष्याने छपरावर तीन ठिकाणी टकटक केली, चार पेंढ्या गवत कोंबलं आणि दाखला दिला : 'प्रबोधिनीची समक्ष पाहणी केली. गळती शून्य.' खाली सही. सहीवर शिक्का.

तो दाखला हातात असतानाच क्रमांक एकाहत्तर आत आली. ती भेकर होती. भेकर म्हणजे बारकंसं हरीण, धोका दिसला की भुंकतं.

"भाऊसाहेब, माझं नाव काढा. मी घरी चालले."

"अगं, का पण?"

"गवेसाहेब म्हणतात, रांगेत भुंकायचं नाही." गवेसाहेब म्हणजे प्रबोधिनीचे प्रमुख. "पाचोळ्यात कोळसुंदा हलला तरी मला कळतं. पण ओरडले की मैदानाला वीस फेऱ्या!"

"थोडी कळ काढ. माझ्यासाठी तरी."

"तुम्ही पळालात का हो कधी वीस फेऱ्या?"

भाऊसाहेब खुर्ची सोडून कधी वीस पावलं गेले नव्हते. 

"मग लिहा ना वरती," ती म्हणाली. "सशाला सशाचं काम द्या, भेकराला भेकराचं. कोण कशाला जाईल मग?"

इतकं सरळ वाक्य भाऊसाहेबांनी सगळ्या नोकरीत ऐकलं नव्हतं. त्यांनी पाठीवरची एक लेखणी उपसली. पण 'सोडून जाण्याचे कारण' या रकान्यात दीड बोट जागा होती. त्यांनी नेहमीसारखं 'इतर' लिहिलं. मग तेही खोडलं. कारण तिचं नाव काढलं तर गळती होणार एक टक्का, आणि शिक्का तर म्हणत होता शून्य.

"जा तू," ते म्हणाले. "पण नाव राहू दे."

दाखला महाराजांकडे गेला आणि बातमी बराकीत गेली. नाव न काढता घरी जाता येतं म्हटल्यावर उरलेले नव्व्याण्णवही गेले. आणि गळती शून्य असल्यामुळे कोणाला शोधायला शिपाईही पाठवता येईना.

दसऱ्याला महाराज संचलन पाहायला आले. मैदान रिकामं. एका टोकाला गवेसाहेब, दुसऱ्या टोकाला नोंदवही घेऊन भाऊसाहेब.

"जवान कुठं आहेत?"

गवेसाहेब पुढे झाले. "महाराज, दडून बसण्याच्या विद्येत यंदाची तुकडी… जरा जास्तच पुढं गेलीय."

महाराजांनी डोळे बारीक करून झुडपं न्याहाळली. "वा! एकही दिसत नाही. शेजाऱ्यांचे नव्वदच्या नव्वद दिसतात. पाठवा यांना आजच सीमेवर, नोंदवहीसकट!"

नोंदवही एकटी जात नाही. भाऊसाहेब गेले.

सीमेवरचा नियम असा, की हजेरी झाल्याशिवाय न्याहारी नाही. आणि उत्तर आल्याशिवाय हजेरी नाही. भुकेले भाऊसाहेब एकेक क्रमांक पुकारत आणि आपणच 'हजर' म्हणत. कधी जाड आवाजात, कधी बारीक. एकाहत्तरला आवाज थोडा अडखळे.

एका सकाळी पलीकडच्या गवतात कोळसुंदे दबून बसले होते.

"शंभर आवाज मोजले मी," एक जण कुजबुजला.

"आपण किती?" म्होरक्याने विचारलं.

"बावीस, दादा. निघालो तेव्हा साठ होतो."

"बाकीचे?"

"गळाले."

"मग चला," म्होरक्या म्हणाला. "आधी आपलं छप्पर बघू."

भाऊसाहेबांना गवतातून लांब जाणाऱ्या शेपट्या तेवढ्या दिसल्या. त्यांनी न्याहारी केली आणि निवृत्तीचा अर्ज लिहिला. गळती नव्हती, शत्रू पळाला होता, आता अडवायला कारणच नव्हतं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. 'अर्जदाराची सेवा गौरवास्पद आहे. तथापि अर्जदार निवृत्त झाल्यास हजेरी घेणारे कोणी उरत नाही व प्रबोधिनीची गळती शंभर टक्के होते. सबब अर्ज नामंजूर.'

भाऊसाहेबांनी कागद दोनदा वाचला. मसुद्यात एक चूक सापडेना. त्यांनी तो नीट घडी करून फाइलीत लावला, घसा खाकरला आणि पुकारलं, "क्रमांक एक!"

तात्पर्य, तेवढं वहीत उतरवून घ्या : खोटी नोंद करू नये, असं मी सांगणार नाही, तिच्यामुळे एक जंगल वाचलं. फक्त निवृत्ती जवळ आली असताना ती करू नये. खरी माणसं घरी जाऊ शकतात. खोट्या नोंदीला मात्र रोज कुणीतरी 'हजर' म्हणावं लागतं.