गोणीत गेलं व्हिएतनाम

"टूर कंपनीवाले म्हणजे शुद्ध लुटारू! आपलं आपण जायचं, आपलं आपण यायचं!"

जगनने ही घोषणा छाती फुगवून केली, पण हळू आवाजात. ऐकायला एकटी बायको, शांती होती आणि तिसऱ्या कुणाला कळू द्यायचंच नव्हतं. कंपनीतून नुकताच रिटायर झालेला, पेणच्या रामवाडीत राहणारा हा गृहस्थ शांतीला व्हिएतनाम दाखवणार होता, तेही स्वस्तात! तीन महिने मोबाईलमध्ये डोळे घालून त्याने तिकिटं काढली, कुणाच्या तरी घरातली खोली ठरवली, तिथल्या बसचे नंबर वहीत उतरवले. हॉटेलात पैसे जायला नकोत म्हणून अर्धी बॅग चिवड्याने आणि पोह्याच्या पापडांनी भरली.

"तिथं बघायचं काय हाय?" शांतीने विचारलं.

"भातशेती, खाडी, नारळ, केळी!"

"अवो, मग गागोद्याला आपल्या शेतावर काय हाय?"

"तिथं इमानानं जायला लागतं, गो!"

शांतीलाही बसायचं होतं ते विमानातच. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, बिचारीने विमान पाहिलं ते फक्त मान वर करून. तिने नवी चप्पलसुद्धा घेतली होती आणि रोज घरातल्या घरात घालून बघत होती.

सगळं गुपचूप, कारण रोह्याची बहीण हौसा. जगनचा हिशेब साधा होता. हौसाला कळलं की ती येणार, ती आली की हैबतराव भावजी येणार, आणि भावजी आले की स्वस्त प्रवासाची वरात निघणार! तेव्हा तोंडाला कुलूप.

विमान संध्याकाळचं. दोन वाजता पेणहून एसटी धरायची. सकाळी नऊला जगनने पासपोर्ट काढायला तांदळाच्या पिंपात हात घातला आणि हात थेट बुडाला लागला.

"शांते! तांदूळ कुठं गेला?"

"काल निकेश आला व्हता ना? हौसावन्संचा तांदूळ दरवर्षीच जातो. घर आठ दिवस बंद, सोंडे लागतील, म्हणून पिंपच उपडं केलं गोणीत आणि त्यांच्या लेकाबरोबरच दिलं धाडून. का ओ?"

जगन मटकन खाली बसला. तांदळात कागद सादळत नाय आणि चोर तिथं हात घालत नाय, ही त्याच्या आईची शिकवण. दोन महिन्यांपूर्वी पिशवीत गुंडाळून दोन्ही पासपोर्ट त्यानेच पिंपात खुपसले होते. आणि बायकोला सांगितलं नव्हतं!

हौसाला एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण फोन केला की व्हिएतनाम फुटलं! त्यापेक्षा जायचं, गोणीत हात घालायचा, यायचं. त्याने बाईकला किक मारली. नागोठण्यापर्यंत पुढे ट्रक, मागे ट्रक आणि खिशात सारखा वाजणारा शांतीचा फोन!

"अगोबाई, दादा! न सांगता?" हौसा हरखली. "बस, चहा टाकते."

"चहा नको. कालची गोणी परत दे."

झालं! नव्या भाताचा तांदूळ भावाने बहिणीला पाठवायचा, हा तिचा मान. तो परत मागायला आलेला भाऊ रोह्यात कुणी बघितला नव्हता.

"वैनी काय बोलली का?" हौसाने विचारलं.

"नाय गो!"

"मग माझं माहेर तुटलं म्हण की!" तिने पदर डोळ्यांना लावला. शेजारची जनी मापभर उत्सुकता घेऊन दारात हजर झाली.

जगन घामाघूम! काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलला, "तुटलं कसलं? त्या तांदळात औषध पडलंय! किडीचं!"

आतून हैबतराव हात पुसत बाहेर आले. नुकतंच जेवण झालं होतं.

"कसलं औषध? मी दोनदा भात वाढून घेतला!" एवढं बोलून ते खाटेवर आडवे झाले. "हौसा, माझ्या डोळ्यापुढं अंधारी येते गो!"

"मला पण दिला व्हता तांदूळ!" जनी किंचाळली. "माझ्या पोरांनी पेज प्यायली!"

मग काय विचारता! कुणी रिक्षा बोलवायला पळालं, कुणी मिठाचं पाणी कालवलं. जनीने धाकट्याचं नाक दाबून तांब्या तोंडाला लावला, तसा तो भोकाड पसरून रडू लागला. इकडे फोनवर शांती, "सापडलं का ओ? साडेअकरा झाले!"

जगनला पोराचं रडणं बघवेना.

"थांबा! खोटं बोललो! औषध नाय, पासपोर्ट हाय त्यात!"

आळीसमोर गोणी चादरीवर ओतली. पिशवी निघाली. जनीने जगनला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"कुठं चाललास?" हौसाने विचारलं.

"व्हिएतनाम."

"कधी?"

"आज."

"आणि मला का नाय सांगितलंस?"

आता खोटं बोलायची त्याच्यात ताकदच उरली नव्हती. "वाटलं, तू पण येशील."

हौसा आत गेली, नारळ आणि हळदकुंकवाची पुडी आणून त्याच्या हातात दिली.

"वैनीच्या ओटीला. दादा, मला गच्चीवर गेले तरी गरगरतं. मी कशाला इमानात बसते? सांगितलं असतंस तर वाटेसाठी लाडू तरी केले असते."

जगनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलो गो," एवढंच कसंबसं म्हणाला आणि डोळे पुसून बाईककडे वळला.

तेवढ्यात खाट करकरली. डोळ्यापुढं अंधारी आलेले हैबतराव ताडकन उठून बसले होते.

"जगन! गरगरतं ते हिला. मला कुठं गरगरतं? माझा पासपोर्ट कपाटातच हाय!"