गडास गड जाहला, त्याची हकीकत

श्री. जें एकाचें दोन होतें आणि दोहोंत एकच राहतें, त्यास नमन असो. शके सोळाशे तेरा, प्रजापती नाम संवत्सरे, आश्विन मासीं महाराजांनीं भोपळ्याची बी हातीं घेतली आणि दरबारीं बोलिले, "बी वेल करिते, वेल पुन्हा बी करितो. आमचा गड तैसा कां न व्यावा?" हें कोणीं सुचविलें, देव जाणे. मग मालोजी पाथरवट यांसी हुकूम जाहला कीं, गडापासून गड आणि त्यापासून तिसरा ऐसे व्हावे, आणि तिळाचा फरक निघालिया कडेलोट. मालोजीनें गडाचा नकाशा उतरिला. तों दरबारचे शास्त्रीबोवा मध्यें पडले कीं, "गडांत नकाशा आहे, तर नकाशांतही नकाशा पाहिजे, नाहीं तर नवा गड वांझ!" मालोजीनें तोही काढिला. शास्त्रीबोवा म्हणाले, "आणि त्याच्या आंत?" ऐसें करितां दोन वर्षें गेलीं, नकाशा मोहरीएवढा जाहला आणि चिरा एक बसला नाहीं. आम्हीं दप्तरदारांनीं कपाळ धरिलें. ऐंशी कारकून पोसिले, अक्कल एकासही नाहीं!

मग मालोजीची बायको सगुणा, गोंदणारी, दरबारीं येऊन बोलली, "नकाशात नकाशा कशापायी? धन्यानं कागुद वाचावा आन् बांधावं. म्या वाचायची न्हाई, निस्ती रेघंवर रेघ वढीन. गड झाला का माझा कागुद आत ठिवा." मग तैसेंच केलें, आणि दुसरा गड उभा राहिला, आणि सगुणेचा कागद त्यांत ठेविला, आणि तेथील गवंड्यांनीं तो वाचून तिसरा उभारिला. परंतु मालोजीचें वाचून झालियावर मूळ कागदीं माशी चिरडली होती, ती सगुणेनें इमानें उतरिली. आणि नकाशांत ठिपका म्हणजे विहीर, म्हणून गवंड्यांनीं तिसऱ्या गडीं खडक फोडून एक विहीर अधिक खणिली. शास्त्रीबोवांनीं विहिरी मोजिल्या. फरक निघाला. मालोजीचे हात बांधिले, सगुणेनें हंबरडा फोडिला, आणि कडेलोटास मुहूर्त पाहूं लागले, कां कीं मुहूर्तावांचून येथें कांहींच होत नाहीं. त्यांत मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, दोन्ही गडांचीं टाकीं आटलीं, आणि महाराज सर्व दरबारासुद्धां तिसऱ्या गडीं येऊन त्या विहिरीचें पाणी प्याले. पिऊन म्हणाले, "सोडा त्यास." शास्त्रीबोवाही पोटभर प्याले आणि ओल्या हनुवटीनें म्हणाले, "तरी फरक तो फरकच."

सारांश, विद्वानांनीं अडविलें, न वाचणारीनें चालविलें आणि माशीनें वांचविलें. घडलें तें लिहिलें. पुढें या कागदाची नक्कल करणारानें शहाणपण न करितां डागांसुद्धां उतरावी.