जेवलो, लिवा!

मुलांनो, ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. जुईनगरच्या आमच्या इमारतीत संध्याकाळी साडेसहाला घड्याळ बघावं लागत नसे. खालच्या मजल्यावरून महिपतराव ओरडायचे, "बाई, जेवलो! लिवा!"

मी त्यांची जेवणाची वेळ लिहायची, डॉक्टरांना दाखवायला. वही माझी, शिस्तही माझीच.

महिपतराव साताऱ्याकडचे. वाशीच्या बाजारात मिरचीची पोती वाहून वाहून दमा जडलेला. डॉक्टरांनी आम्लपित्ताची गोळी दिली तेव्हा ते भडकले. "धाप लागती छातीला, आन् ह्यो इलाज करतोय पोटाचा! उद्या दात दुखला तर गुडघ्याला पट्टी बांधंल." मी समजावलं: आडवं झालं की आम्ल घशाशी येतं, त्यानं काहींचा दमा चाळवतो. म्हणून लवकर जेवायचं, नंतर तीन तास आडवं व्हायचं नाही, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. त्या विटांना त्यांनी हळदकुंकू वाहिलं. पाहुण्यांना सांगत, "घसरगुंडीवर झोपतो मी."

दोन महिने वही चोख. दमा वाढतच गेला. दोनदा ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टर वही चाळून म्हणाले, "पथ्य पाळूनही गुण नाही. दम्याचीच औषधं वाढवू."

त्याच दिवशी रात्री नऊला त्यांची वाटी परत करायला खाली गेले. दार उघडं. त्यांची बायको हौसाबाई झोपलेली. महिपतराव पुन्हा जेवत होते. भाकरी, लालभडक रस्सा.

"महिपतराव!"

"हळू, बाई. संज्याचं ताट हाय."

संजय त्यांचा एकुलता एक मुलगा. जासईच्या कंटेनर यार्डात वर्षापूर्वी चिरडून गेला. हौसाबाईंनी ते मानलंच नव्हतं. रोज त्याचं ताट वाढून, झाकून झोपायच्या. सकाळी ताट रिकामं दिसलं की म्हणायच्या, "जेवला माझा पोरगा." मगच त्यांच्या घशाखाली चहा उतरायचा.

"अहो, टाकून द्या ना!"

"पोराचं ताट टाकू?" त्यांना धाप लागली. "त्याच्या आईनं रांधल्यालं?"

"मी डॉक्टरांना सांगणार."

"सांगा. हिला सांगू नगा."

मी सांगितलं. डॉक्टर रागावले, मग समजावून पाहिलं. महिपतराव मान डोलावून घरी आले आणि साडेसहाला हाक आली, "बाई, जेवलो! लिवा!"

मी लिहिलं. त्याखाली पहिल्यांदाच दुसरी ओळ आखली.

वही अजून माझ्या कपाटात आहे. साडेसहा, महिपतराव. नऊ, संजय. दिवाळीपर्यंत रोज दोन ओळी आहेत. पुढची पानं कोरी आहेत.