लॅपटॉपातले अप्पा

आमच्या शेजारचे मिलिंदअण्णा कॉम्प्युटरला अहो-जाहो करतात. सकाळी शाळेला जायच्या घाईत मी डबा भरत असते आणि भिंतीपलीकडून आवाज येतो, "अप्पा, उठा. अक्का, थांबा जरा, आधी अप्पांना उठू द्या."

घरात माणूस एकच. बायको नाही, लेकरू नाही, बहीण तिकडं हैदराबादला. आपलं गाव कमठाणा सोडून ते इथं शहरात, मैलूर भागात भाड्यानं आले, तेव्हापासून त्यांच्याकडे एक पाहुणा आलेला मी पाहिला नाही. मग हा बाबा बोलायलाय कुणाशी? न राहवून एकदा विचारलंच.

"बाई, ह्या एका लॅपटॉपात चार कॉम्प्युटर हायेत," ते म्हणाले. "खोटे-खोटे. पण काम खरं करतात."

बेंगळुरूच्या कंपनीचं सॉफ्टवेअर आधी या चौघांवर चालवून बघायचं, ही त्यांची नोकरी. कंपनीतली पोरं आपल्या खोट्या कॉम्प्युटरांना एक, दोन, तीन असे नंबर देतात आणि सगळ्यांना एकच सेटिंग ठोकून मोकळी होतात. अण्णांना ते पटत नाही. "ज्याचं त्याला," हे त्यांचं पालुपद. प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पत्ता, वेगळी मेमरी. सगळा डेटा अप्पांच्या पोटात, म्हणून मेमरीचा मोठा वाटा त्यांना. अक्का नुसत्या दारात बसून कोण आलं, कोण गेलं बघतात. त्यांना थोडकं पुरतं. काकांची सिस्टीम जुनी. "नवं कायबी दिलं की रुसून बसतात," हे अण्णा इतक्या कौतुकानं सांगतात, की त्या काकांना चहा विचारावा असं मला वाटलं. राहिली छोटी. नवे प्रयोग सगळे तिच्यावर, त्यामुळे ती रोज मोडते आणि रोज नव्यानं उभी राहते.

"कामून एवढा खटाटोप, अण्णा? सगळ्यांना सारखंच दिलं तर?"

"घर चालंल का, बाई, तसं?"

घ्या. मी पोरांना गणित शिकवते, आणि वाटणीचा हिशेब मला अण्णांनी शिकवला.

स्वभाव मात्र कुलूपबंद. सणाला जेवायला बोलावलं तर "काम हाय." पुरणपोळी नेऊन दिली तर दारातूनच हात जोडतात. मला राग यायचा. माणसात बसायला या माणसाला काय धाड भरलीय, असं मी घरात बोलूनही दाखवायची.

एका शनिवारी शाळेतून आले, तर अण्णांच्या दारात चपलांचा ढीग. मी डबा तसाच हातात घेऊन आत शिरले. आत गल्लीतल्या बाया डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या, मधोमध अण्णा, आणि त्यांच्यासमोर पिठलं-भाकरी मांडून माझ्या सासूबाई.

झालं होतं असं. लॅपटॉपातले अप्पा अचानक बंद पडले. अण्णांनी गच्चीत येऊन ऑफिसला फोनवर कन्नडमध्ये सांगितलं, "अप्पा होदरू." सासूबाई उदगीरच्या. त्यांचं कन्नड भाजीबाजारापुरतं, पण अप्पा गेले, एवढं त्यांना बरोब्बर कळलं. रोज भिंतीतून अप्पांना उठवलेलं त्याही ऐकतच होत्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी कडू घास भरवायचा असतो. त्यांनी भाकरी थापल्या, गल्ली गोळा केली. मयत दिसेना, तर लेकीकडं हैदराबादला वारले असतील, हेही त्यांनीच ठरवून टाकलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, उठा बरं," मी म्हणाले. "अहो, ते अप्पा म्हणजे..."

"बाई, असू द्या," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "अप्पा गेलेतच की. माझे वडील, लॉकडाऊनमधी. दवाखान्यातूनच नेलं त्यास्नी, मला तोंडबी दावलं न्हाई. घरी आलो तर गावात समदी दारं बंद. बहिणीला येता आलं न्हाई. कुणाचं चुकलं न्हाई, लोक भ्याले होते."

मग ते सासूबाईंकडे वळले. "पण मावशी, माझा कडू घास राहिला. त्यो झाल्याबिगर लोकाच्या घरी गोडाला कसं बसू?"

मी शरमले. सासूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि त्यांच्या तोंडाशी नेला.

"घे लेकरा," त्या म्हणाल्या.

पन्नाशीला आलेल्या त्या माणसानं तोंड उघडलं.