कचऱ्याची यादी

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘शिस्त’ म्हणत, अर्थात पाठीमागे. हातमोजे न घालता कुणी टेबलाला बोट लावलं की ती त्याची बिनपाण्याने हजामत करायची. आज मात्र ती स्वतःच घामाघूम झाली होती, तीही एसीत.

प्रथिनं ओळखणाऱ्या यंत्रातून निघालेल्या सगळ्या मूळ फाइली आज संध्याकाळी पाचच्या आत जगासाठी खुल्या करा, कुणालाही त्या पडताळता आल्या पाहिजेत, तरच पेपर छापू, असं संशोधन मासिकाने बजावलं होतं. पेपर छापला तर पीएच.डी., नाहीतर चार वर्षं पाण्यात. पेपरचा सगळा जीव एका नव्या प्रथिनात होता. ते बारा रुग्णांच्या रक्तात होतं आणि निरोगी माणसांत औषधालाही नव्हतं.

फाइलींसोबतच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: धूळ, केस, लोकर अशा कचऱ्यातल्या प्रथिनांची यादी ताडून पाहिली का? ती यादी तिने मुद्दामच वगळली होती. तिच्या टेबलावर कचरा असेलच कसा? पण ‘नाही’ लिहायला हात धजेना, म्हणून तिने यादी जोडून सगळं पुन्हा ताडलं. पावणेचारला उत्तर आलं. प्रथिन मेंढीचं होतं. लोकर.

अख्ख्या प्रयोगशाळेत लोकरीची वस्तू एकच, तिच्या मार्गदर्शक सरांचा स्वेटर, त्यांच्या मावशींनी विणलेला. तिचं डोकं सणकलं. ती तडक सरांच्या खोलीत गेली आणि लोकर कुणाची तेही सांगून मोकळी झाली.

सरांनी शांतपणे विचारलं, "रुग्णांचे नमुने कधी तयार केलेस?"

"नऊ, दहा आणि अकरा तारखेला. निरोगी माणसांचे त्याआधीच झाले होते."

"तिन्ही दिवस मी तापाने घरी होतो. स्वेटर इथे खुर्चीवर होता."

तिला ते तीन दिवस आठवले. हुडहुडी भरवणारा एसी, रिकामी खुर्ची आणि हातमोज्यांवर पुन्हा पुन्हा घसरणाऱ्या त्या ऐसपैस बाह्या. धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं.

"सर, यादी न जोडताच पाठवलं तर?" तिने खाली बघत विचारलं.

"फाइली खुल्या झाल्या की कुणीतरी यादी जोडणारच. त्यापेक्षा तूच लिही."

पाचला चार मिनिटं असताना तिने पेपर मागे घेतला. फाइली मात्र सगळ्या खुल्या केल्या आणि सोबतच्या टिपणात स्वेटरसकट खरं ते लिहिलं. घरी जाऊन ती पोटभर रडली.

महिन्याभरात ते टिपण वाचून आणखी तीन प्रयोगशाळांना आपापल्या नव्या प्रथिनात लोकर सापडली. मासिकाने तिच्याकडून लोकरीवरच पेपर मागवला आणि त्यावर पीएच.डी. झाली.

प्रबंध तिने सरांच्या मावशींना अर्पण केला. मावशी हरखून गेल्या. पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेत तिच्या नावाने पार्सल आलं. शुद्ध लोकरीचा स्वेटर होता, बाह्या चांगल्या लांब.